गोल भांड्याचा सांधा

सुचेता देवस्थळी पुण्यात सात वर्षं फिजिओथेरपिस्ट होती. २०११ साली नवऱ्याबरोबर, सुदर्शनबरोबर, ती युट्रेख्टला आली आणि इथे तिच्या डिग्रीला कुणी विचारेना. नोंदणी हवी तर आधी डच भाषेची वरची परीक्षा, मग कागदपत्रं, मग पुन्हा शिक्षण. मेधा तेव्हा तीन वर्षांची होती. "बघू पुढे," असं म्हणता म्हणता चार वर्षं गेली. शेवटी तिने कामापुरतं डच शिकून, घरोघरी जाऊन म्हाताऱ्यांची सेवा करणाऱ्या एका संस्थेत नोकरी धरली. अंघोळ घालायची, पायांत दाबाचे मोजे चढवायचे, गोळ्या द्यायच्या. एका घरी चाळीस मिनिटं झाली, की सायकलवर टांग टाकून पुढचं घर. उपचार म्हणून कुणाच्या अंगाला हात लावायचा नाही, हे करारात स्पष्ट लिहिलेलं होतं.

२०१६ च्या मे महिन्यात तिच्या यादीत एक नवीन नाव आलं: कझुओ हायामा, वय शहात्तर. मार्चमध्ये पक्षाघाताचा झटका येऊन गेला होता. उजवा हात लुळा पडला होता आणि वाचा गेली होती. पूर्ण नव्हे. पंचेचाळीस वर्षं बोललेली डच भाषा पुसली गेली होती, जपानीतले थोडे शब्द तेवढे तोंडातून येत. बायको हानेके डच. ती दीड वर्षापूर्वी वारली होती. एकुलती एक मुलगी नाओमी मास्ट्रिख्टच्या विद्यापीठात शिकवत होती, म्हणजे गाडीने दोन तास. नाओमीला जपानी येत नव्हतं. मुलीला एकच भाषा यावी पण नीट यावी, असं वडिलांनीच तेव्हा ठरवलं होतं. म्हणजे आता बापाकडे एक भाषा आणि लेकीकडे दुसरी.

पहिले दोन आठवडे हायामांनी सुचेताकडे पाहिलंच नाही. मोजे चढवून घेतले, गोळ्या घेतल्या आणि खिडकीकडे तोंड करून बसले. त्यांचा उजवा हात मांडीवर मुडपून पडलेला असे. सुचेताच्या अनुभवी नजरेला दिसत होतं, की हा हात मेलेला नाही. शर्टाची बाही ओढताना बोटांत किंचित ताण येत होता. हॉस्पिटलातून ठरवून दिलेले व्यायाम संपले होते आणि पुढचे घ्यायला म्हाताऱ्याने नकार दिला होता. रबरी चेंडू दाबायला सांगितलं, तर त्यांनी तो डाव्या हाताने कचऱ्याच्या डब्यात टाकला होता.

जूनमध्ये एके दिवशी केर काढायला झाडू सापडेना म्हणून तिने मागचं एक दार उघडलं. आत कोंदट वास होता, लाकडाचा, पण आपल्याकडच्या सुतारकामासारखा नाही. लिंबाच्या सालीसारखा काहीतरी. भिंतीला उभ्या लावलेल्या पातळ, लांबट फळ्या, टेबलावर रंधे, दोरीला ओळीने अडकवलेले लाकडी चिमटे. आणि फडताळात गोल डबे, पाण्याची भांडी, झाकणं, सगळी लाकडाच्या एकाच पट्टीला गोल वाकवून केलेली. एकही खिळा नाही. जिथे पट्टीची दोन टोकं एकमेकांवर येत, तिथे तपकिरी सालीने घातलेले टाके.

ती मागे वळली तर हायामा दारात उभे. काठी टेकत एवढं अंतर एकट्याने आले होते. सुचेता ओशाळली. "माफ करा, मेनेर हायामा, मी झाडू शोधत होते."

ते तिच्या बाजूने आत गेले. फळ्यांपाशी थांबले, डाव्या हाताने एक फळी उचलून टेबलावर ठेवली आणि रंधा घेतला. डाव्या हाताने रंधा ओढायचा तर फळी उजव्याने दाबून धरायला हवी. उजवा हात फळीवर ठेवला, तो घसरला. पुन्हा ठेवला, पुन्हा घसरला. तिसऱ्या वेळी त्यांनी रंधा असा आदळला की टेबलावरचे चिमटे खाली पडले. मग ते स्टुलावर बसले आणि तोंड फिरवून रडले.

सुचेताने चिमटे गोळा केले. मग त्यांच्या उजवीकडे उभी राहिली, त्यांचा लुळा हात उचलून फळीवर ठेवला, त्यावर स्वतःचा तळवा ठेवून दाबला आणि म्हणाली, "करा."

त्यांनी तिच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. मग रंधा ओढला. पिवळसर पापुद्रा गुंडाळत वर आला. आणि सुचेताला तिच्या तळव्याखाली जाणवलं, उजव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट लाकडावर दाब देत होती.

त्या दिवशी पुढच्या घरी ती वीस मिनिटं उशिरा पोचली.

संध्याकाळी तिने नाओमीला फोन केला. नाओमीचा आवाज दमलेला होता. "तुमचा हेतू चांगला आहे, मला कळतं," ती म्हणाली. "पण ती खोली कृपा करून बंदच ठेवा. आत सुऱ्या आहेत. बाबा पडले तर? मी इथे त्यांच्यासाठी वृद्धाश्रमात जागा बघतेय."

"पण ते काय करत होते, एवढं तरी सांगाल?"

नाओमीने सांगितलं. हानेके तरुणपणी जपानला शिकायला गेली आणि तिथे चहाचा विधी शिकली. पाहुण्यासमोर गुडघ्यांवर बसून, ठरलेल्या क्रमाने, एकेक भांडं पुसत चहा करायचा. एक वाटी द्यायला अर्धा तास लागतो. हायामा एका डोंगराळ गावात लाकूड वाकवून चहाची भांडी करणारे. दोघं तिथेच भेटले. युट्रेख्टला आल्यावर हानेकेने याच घरात तीस वर्षं चहा शिकवला. ती गेल्यावर हायामा तिच्या विद्यार्थ्यांना म्हणाले होते, दुसऱ्या स्मृतिदिनाच्या चहासाठी मी नवं केन्सुई करीन. वाटी विसळलेलं पाणी ज्यात ओततात ते भांडं. स्मृतिदिन नोव्हेंबरात होता. "फळी तासायला घेतली आणि झटका आला," नाओमी म्हणाली.

म्हणजे तस्त, सुचेताच्या मनात आलं. पंगत उठल्यावर पाहुण्यांच्या हातावर पाणी घालायचं, तेव्हा खाली धरतात ते. सगळ्या भांड्यांत ज्याच्याकडे कुणी बघत नाही ते.

तिने संस्थेच्या समन्वयक बाईंना विचारलं. उत्तर सरळ होतं: कामाच्या वेळेत नाही, आणि उपचार तर नाहीच. मग सुचेता शनिवारी जायला लागली, सुट्टीच्या दिवशी, कुणाला न सांगता. फक्त सुदर्शनला माहीत होतं.

"अगं, नोकरी जाईल ना," तो म्हणाला.

"गेली तर गेली. आपला इथे राहायचा परवाना तुझ्या नोकरीवर आहे, माझ्या नाही."

"प्रश्न परवान्याचा नाहीये. त्या मुलीने नको म्हटलंय."

ते खरं होतं, म्हणून सुचेताला राग आला. ती तावातावाने म्हणाली, "पाच वर्षांत मी एकाही पेशंटचा हात हलता केला नाही, सुदर्शन. हा हात हलतोय." मेधा शेजारी बसून हे ऐकत होती. सुचेताने विचारलं, "काय गं, जेवलीस का?" तिने मान वर न करता डचमध्ये उत्तर दिलं, की मला भूक नाही आणि तुम्ही भांडू नका.

शनिवारी दोघं काम करू लागली. हायामा खुणांनी दाखवत, सुचेता धरत असे. फळीची दोन्ही टोकं कागदासारखी पातळ तासायची, म्हणजे एकावर एक आली तरी जाडी वाढत नाही. तिने चिमट्यांचा व्यायाम करून घेतला. लाकडी चिमटा उजव्या हाताने दाबायचा, सोडायचा. रबरी चेंडू फेकणाऱ्या माणसाने चिमटा शंभर शंभर वेळा दाबला. जुलै संपता संपता तो अर्धा उघडायला लागला. लाकूड मात्र मोजकंच उरलं होतं. जपानहून आणलेल्या जुन्या साठ्यातल्या सहा फळ्या. पहिली वाकवताना मधोमध तडकली. सुचेताने घाई केली होती. हायामांनी तुकडे उचलून चुलीत घालायच्या लाकडांत टाकले आणि तिच्याकडे रागाने पाहिलं नाही, हेच तिला लागलं.

ऑगस्टच्या अखेरच्या शनिवारी त्यांनी दुसरी फळी घेतली. रात्रभर पाण्यात भिजवलेली. मोठ्या लांबट पातेल्यात पाणी उकळीच्या जरा खाली आणून त्यात ती बुडवली. पंधरा मिनिटांनी हायामांनी मान हलवली. सुचेताने हातमोजे घालून फळी बाहेर काढली, गोल लाकडी ओंडक्यावर टेकवली, एक टोक त्यांनी डाव्या हाताने ओढलं, दुसरं तिने दाबलं. थांबायचं नाही, कारण गार झाली की मोडते. फळी हूं की चूं न करता वळली. टोकं एकमेकांवर आली. "चिमटा!" सुचेता मराठीतच ओरडली. आणि हायामांनी चिमटा उजव्या हातात घेतला. दातांत ओठ धरून, त्यांनी तो उघडला आणि सांध्यावर बसवला.

दोघांच्या समोर लाकडाचं एक गोल कडं होतं.

हायामा हसले. आनंदाने त्यांनी हात वर केला आणि कोपर पातेल्याला लागलं. पातेलं कलंडलं. गरम पाणी त्यांच्या उजव्या हातावरून वाहत गेलं. ते हसतच होते. त्या हाताला चटका कळत नव्हता. कातडी लाल होताना सुचेताने पाहिली. हात हलायला लागला होता म्हणून स्पर्शही परत आलाय की नाही, हे तिने तपासलंच नव्हतं. शिकाऊ मुलगीही ही चूक करणार नाही.

तिने तो हात वीस मिनिटं नळाखाली धरला, टॅक्सी बोलावून डॉक्टरांकडे नेलं. भाजणं वरवरचं होतं, पण मनगटापासून कोपरापर्यंत फोड आले. पट्टी बांधून होईपर्यंत तिने नाओमीला फोन लावला आणि काहीही न लपवता सगळं सांगितलं. किती शनिवार, कुणाच्या परवानगीशिवाय, पाणी कसं सांडलं, चूक कुणाची.

नाओमी संध्याकाळच्या गाडीने आली. चाळिशी उलटलेली, उंच बाई, वडिलांचे डोळे. ती ओरडली नाही. "मी तुम्हाला नको म्हणाले होते," एवढंच म्हणाली. "तुम्हाला वाटलं, तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं."

"हो," सुचेता म्हणाली. "तसंच वाटलं."

संस्थेने तिला लेखी ताकीद दिली आणि ते घर तिच्या यादीतून काढून घेतलं. सुचेताने सही केली. घरी येऊन तिने सुदर्शनला सांगितलं, तेव्हा तो "मी म्हटलं होतं" असं म्हणाला नाही. त्याने चहा टाकला आणि तिच्याजवळ बसला.

नाओमीने विद्यापीठातून तीन आठवडे रजा घेतली आणि वडिलांजवळ राहिली. सप्टेंबरच्या मध्यावर, एका मंगळवारी दुपारी, सुचेताचा फोन वाजला.

"बाबा रोज सकाळी माझी बाही धरून मला त्या खोलीत नेतात," नाओमी म्हणाली. "ते कडं दाखवतात. चेरीच्या सालीच्या पट्ट्या माझ्या हातात देतात. मी विचारते काय करू, तर बोलतात ते मला कळत नाही. काल मी त्यांच्यावर ओरडले. मग ते जेवलेच नाहीत. मला तुमचा राग आहे अजून. पण तुम्ही याल का?"

सुचेता काम संपवून गेली. हायामांच्या हातावरची पट्टी निघाली होती, कातडी गुलाबी झाली होती. तिला बघून त्यांनी मान लववली आणि लगेच टेबलाकडे वळले. वेळ घालवायची त्यांची तयारी नव्हती. कडं वाळून ठणठणीत झालं होतं. सांधा भाताच्या खळीत झाडाचा चीक मिसळून चिकटवलेला होता. ते काम त्यांनी एकट्यानेच केलं असावं, कारण खळ सगळीकडे सांडली होती. आता टाके घालायचे होते. सुरीच्या टोकाने पाडलेल्या बारीक फटींतून सालीची पट्टी एकाने बाहेरून आत ढकलायची आणि दुसऱ्याने आतून ओढायची.

सुचेता सवयीने स्टुलावर बसली. तिचे हात आपोआप पुढे झाले. पहिली पट्टी तिने उचललीसुद्धा. खरं सांगायचं तर तिला हे काम हवं होतं, फार हवं होतं. मग तिने वर पाहिलं. नाओमी दाराला टेकून, हाताची घडी घालून उभी होती, पाहुण्यासारखी, तिच्याच घरात.

सुचेता उठली. "इथे बसा."

"मला नाही येत."

"मलाही येत नव्हतं. त्यांचं मनगट खालून असं धरा. ओढू नका, फक्त तोलून धरा. आणि दुसऱ्या हाताने आतून पट्टी पकडा."

नाओमी अवघडून बसली. हायामांनी पट्टी फटीत ढकलली. दोनदा हुकली. तिसऱ्यांदा टोक आत आलं. "हिप्पात्ते," ते म्हणाले.

नाओमीने ओढलं.

"मोत्तो. मोत्तो."

तिने आणखी ओढलं आणि मग एकदम थांबली. "ओढ," ती सुचेताकडे बघून म्हणाली. "ओढ म्हणाले. आणखी ओढ. मला कसं कळलं?" तिचा आवाज बदलला होता. "मी लहान असताना पतंग उडवायला न्यायचे, तेव्हा ओरडायचे. हिप्पात्ते, हिप्पात्ते. मला वाटत होतं मी सगळं विसरलेय."

हायामा थांबले होते. त्यांना वाटलं काहीतरी चुकलं. त्यांनी लेकीच्या चेहऱ्याकडे काळजीने पाहिलं आणि हळूच विचारलं, "इताई?"

"नाही," नाओमी डचमध्ये म्हणाली, मग मान हलवून जपानीत, "इताकुनाई." सुचेताला तिने सांगितलं, "दुखलं का, विचारतायत," आणि गाल पुसले.

सुचेता स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासत बसली. तिला वाईट वाटत होतं आणि बरंही वाटत होतं. दोन्ही एकदम वाटू शकतं हे तिला त्या दिवशी कळलं. त्या संध्याकाळी सहा टाके झाले. ते वाकडे होते. हायामांनी त्यातले दोन उसवायला लावले आणि चार ठेवले.

पुढे नाओमी दर शनिवार-रविवारी येत राहिली. ऑक्टोबरात बूड बसवलं. सुचेता अधूनमधून जाई, परवानगीने, आणि नाओमीला व्यायाम शिकवी: हाताला गार काय, गरम काय हे डोळे मिटून ओळखायला कसं लावायचं, स्पर्श परत येतोय का हे रोज कसं बघायचं.

नोव्हेंबरातल्या त्या रविवारी हानेकेच्या चहाच्या खोलीत नऊ माणसं जमली. सुचेताला बोलावणं होतं. गुडघ्यांवर बसून तिच्या पोटऱ्यांत मुंग्या आल्या. हानेकेची सगळ्यांत जुनी विद्यार्थिनी, साठीची एक डच बाई, चहा करत होती. किटलीतल्या पाण्याच्या आवाजाशिवाय काही ऐकू येत नव्हतं. नवं केन्सुई त्या बाईंच्या गुडघ्याजवळ होतं. आधी पाण्याने पूर्ण भिजवलेलं, रंग नाही की झिलई नाही. वाकडे टाके सगळ्यांना दिसत होते, कारण गोल भांड्याचा सांधा पुढे ठेवायचा असा नियम आहे. लपवायचा नाही.

बाईंनी वाटी विसळून पाणी त्यात ओतलं. एक वाटी, दुसरी वाटी. तिसऱ्या वेळेला बुडाशी पाणी पाझरलं आणि चटईवर रुपयाएवढा ओला डाग पडला. बाईंचा हात क्षणभर थबकला. नाओमी लाल झाली. बूड तिनेच बसवलं होतं.

भिंतीशी खुर्चीवर बसलेले हायामा हसायला लागले. आधी नुसते खांदे हलले, मग मोठ्याने. त्यांनी लेकीकडे बोट दाखवलं आणि काहीतरी म्हणाले. खोलीतल्या ज्या दोघांना जपानी येत होतं ते खो खो हसले. त्यातल्या एकाने नंतर सगळ्यांना सांगितलं: "म्हणाले, माझं पहिलं भांडंही गळलं होतं. माझ्या बापाने ते माझ्या डोक्यावर घातलं होतं." बाईंनी फडक्याने चटई टिपली, वाटी पुसली आणि चहा पुढे सुरू केला.

नव्या वर्षात हायामा मास्ट्रिख्टला गेले, वृद्धाश्रमात नाही, नाओमीच्या तळमजल्यावर. रंधे आणि उरलेल्या चार फळ्याही गेल्या. नाओमी सत्तेचाळिसाव्या वर्षी जपानीच्या संध्याकाळच्या वर्गाला जाऊ लागली. सुचेताने ताकीद मिळालेली नोकरी त्याच वर्षी सोडली आणि नोंदणीच्या मागे लागली. पहिल्या परीक्षेत ती नापास झाली, दुसऱ्यांदा पास झाली. २०१८ मध्ये एका पुनर्वसन केंद्रात तिला आठवड्यातून तीन दिवसांचं काम मिळालं. नव्या पेशंटला हात लावण्याआधी ती त्याला डोळे मिटायला सांगते आणि गार-गरम विचारते. एकदाही चुकवत नाही.

हायामा २०१९ च्या फेब्रुवारीत गेले, दुपारी जेवून झोपले असताना. सुचेता आणि सुदर्शन गाडीने मास्ट्रिख्टला गेले. बाहेर बारीक पाऊस होता. अंत्यविधीला नाओमीने आधी डचमध्ये सगळ्यांचे आभार मानले. मग ती वडिलांकडे वळली आणि जपानीत बोलली, अडखळत, दोनदा चुकून आणि चूक दुरुस्त करून, तीन-चार मिनिटं.

परतीच्या गाडीत सुदर्शनने विचारलं, "काय म्हणाली गं ती?"

"मला नाही कळलं," सुचेता म्हणाली. "ते माझ्यासाठी नव्हतं."